आम्ही म्हणजे कोण

शाळेच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं, ‘तीन देश, एकच घर.’ बिझनेस स्कूलवाल्यांना असली वाक्यं सुचतात आणि मुलांच्या आईबापांना ती आवडतात. त्यातला ‘एकच घर’ हा भाग इतका खरा असेल हे मात्र बारकीला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या देशात जी इमारत होती, तीच दुसऱ्या देशात. शेवटच्या सत्रासाठी ती तिसऱ्या देशात उतरली, तेव्हा विमानतळापासून फाटकापर्यंत काय तो परदेश दिसला. खोलीत शिरून तिने न बघता डावीकडे हात नेला, तर दिव्याचं बटण जागच्या जागी. तोच राखाडी गालिचा, तीच न उघडणारी खिडकी, तेच कॉफीचं मशीन आणि त्यावर तीच सूचना, की दुधाचं बटण दोनदा दाबू नये. विद्यार्थ्यांना कुठेही परकं वाटू नये म्हणून शाळेने हे सगळं मुद्दाम केलं होतं. बारकीला परकं वाटायची फार हौस होती. त्यासाठीच तर ती घरातून बाहेर पडली होती.

बारकी हे घरातलं नाव. ती एकुलती एक, तेव्हा बारकी कोणापेक्षा, असं विचारायची सोय नव्हती. घरचा व्यवसाय झाकणांचा. बाटल्यांना, बरण्यांना, डब्यांना लागतात ती झाकणं. यावरून लहानपणच्या शाळेत मुलं तिला काय चिडवत असतील हे सांगायला नकोच. घर कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं, त्यामुळे घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो हे तिला लहानपणी नीट कळायचं नाही. जेवताना बाबा आणि काका जे बोलायचे, त्यावरून ते त्यांनाही कळत नसावं. कारखान्यात विभागाला खातं म्हणतात. प्लॅस्टिक खातं बाबांचं, पत्रा खातं काकांचं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर ‘राहून गेलं’ एवढंच सांगायचे, जणू मागच्या दाराला कडी घालायची राहून गेली होती.

बारकीला बाहेर शिकायला पाठवायला बाबा राजी नव्हते. शेवटी इथेच तर बसायचंय, मग एवढा वळसा कशाला, असं त्यांचं म्हणणं. काकांनी भावाशी अबोला धरला, भावाच्या ताटाशेजारी बसून मुकाट्याने जेवले, तेव्हा कुठे बाबा नमले. नमले तेही अट घालून, की शिक्षण संपलं की सरळ घरी. बारकीने मान हलवली. सुटायची एवढी घाई होती की तेव्हा तिने कशालाही मान हलवली असती. ती गेल्यावर बाबांनी तिच्यासाठी कारखान्यात काचेची केबिन बांधायला घेतली. आई फोटो पाठवायची. आधी नुसती चौकट आली, मग काचा, मग टेबल, मग फिरती खुर्ची. बारकी प्रत्येक फोटोला ‘छान’ म्हणून अंगठ्याची खूण पाठवायची आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

कारण मध्यंतरी दुसऱ्या देशात असताना भलतंच घडलं होतं. सुटीत तिने एका कंपनीत उमेदवारी केली. ही कंपनी शहरातल्या बसचे मार्ग आखून द्यायची. कुठल्या थांब्यावर माणसं ताटकळतात, कुठली बस रिकामी धावते, म्हाताऱ्या बायका कुठे रस्ता ओलांडायला घाबरतात, हे बघत बारकी दिवसभर थांब्यांवर उभी राहायची. पाय मोडून यायचे आणि तरी सकाळी उठून पुन्हा जावंसं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला ‘झाकणवाल्यांची का?’ असं विचारलं नाही. आता त्याच कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर मागितलं होतं. बारकीला हो म्हणायचं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं.

शाळेत इमारत बदलत नाही, तसा गटही बदलत नाही. पहिल्या दिवशी शाळा चौघांचा गट पाडते आणि तो शेवटपर्यंत गळ्यात राहतो. देश बदलतो, ऋतू बदलतो, समोरची तीन तोंडं तीच. लग्नातसुद्धा माणसं आधी एकदा बघून घेतात. बारकीच्या गटात एक सीए होता. समोरचा बोलत असताना तो मनातल्या मनात काहीतरी बेरीज करत राहायचा. एक डेंटिस्ट होती. दातांना कंटाळून ती इकडे आली होती, पण बोलताना अजून समोरच्याच्या तोंडातच बघायची. आणि एक फौजी होता, फौज सोडून आलेला, पण फौजेने त्याला सोडलं नव्हतं. सगळे वेगवेगळ्या मुलखांतले, त्यामुळे आपसात शाळेच्या भाषेत बोलायचे. माणसं वाईट नव्हती. रोज तीच माणसं, हाच काय तो त्यांचा दोष.

शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाने एखाद्या चालत्या धंद्याचा अभ्यास करून मालकांना सल्ला द्यायचा असतो. बारकीच्या गटाला डेंटिस्टच्या ओळखीतला एक दवाखाना मिळाला होता. ऐनवेळी दवाखान्याने अंग काढून घेतलं. हा विषय शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत दुसरा धंदा शोधा, नाहीतर सत्र पुन्हा करा.

“तुमचा कारखाना आहे की,” फौजी बारकीला म्हणाला.

नाही म्हणायला शब्द दोनच अक्षरांचा लागतो. पण तिघं तिच्याकडे आशेने बघत होते, आणि आशेने बघणाऱ्याचं मन मोडणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. ती हो म्हणाली. जिथून पळून ती तीन देश ओलांडत आली होती, तो कारखाना तिने आपल्या हाताने वर्गात आणून ठेवला. याचा राग तिला स्वतःचाच आला.

बाबा हरखून गेले. त्यांनी हवी ती माहिती भराभर पाठवली. काकांना एवढंच सांगितलं, की “बारकीशी माझं बोलणं चालू आहे, ती सगळं बघतेय.” काका म्हणाले, बघू दे की.

बघितल्यावर जे दिसलं ते कोणालाही दिसलं असतं. पत्र्याच्या झाकणांची मागणी आटत चालली होती आणि प्लॅस्टिक खात्याला हलायला जागा नव्हती. सीएने निष्कर्ष काढला, की पत्रा खातं बंद करावं आणि ती जागा प्लॅस्टिकला द्यावी. बारकी भांडली. तिने जुन्या गिऱ्हाइकांचं सांगितलं, कामगारांचं सांगितलं.

“हे तू गटातली म्हणून बोलतेस की पुतणी म्हणून?” सीएने विचारलं.

तिने वाद सोडला, कारण हिशेब त्याचा बरोबर होता. आणि दुसरं एक कारण होतं. पत्रा खातं राहिलं काय, गेलं काय, आपण तर तिथे नसणारच, असं तिच्या मनाने गुपचूप धरलं होतं. निघून जाणाऱ्याला मागच्या भांडणांत जीव ओतणं जड जातं.

मॅडमनी मात्र एक गोष्ट ठरवून टाकली. “अशी गोष्ट कुटुंबाला त्यांच्याच भाषेत ऐकायला मिळाली पाहिजे. शेवटचा सल्ला तूच सांग.”

बुधवारी सकाळी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर बारकीचं घर उमटलं. मध्ये बाबा. शेजारी काका, इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने चापून. मागे आई उभी, तिला बस म्हटलं तरी बसेना. डेंटिस्टने बाजार सांगितला, सीएने आकडे सांगितले, फौजीने कामाचा क्रम सांगितला. बाबा अधूनमधून भावाला समजावत होते. काका पुतणीकडे बघून गालातल्या गालात हसत होते. त्यांना त्यातलं फारसं समजत नव्हतं, पण पोरगी एवढ्या मोठ्या वर्गात उभी आहे हे दिसत होतं आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

मग बारकीची पाळी आली. पडद्याच्या कोपऱ्यात शाळेच्या भाषेतलं शेवटचं वाक्य होतं. ती रात्रभर त्याची उजळणी करून आली होती. तिने काकांकडे न बघता वाक्यावर नजर ठेवली आणि शब्दाला शब्द लावत म्हणाली, “आम्ही या वर्षात पत्रा खातं बंद करतोय, आणि ती जागा प्लॅस्टिकला देतोय.”

काकांचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. त्यांनी एकदा भावाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसाला असं स्पष्ट सांगायला छाती लागते. बारकीला वाटलं, सुटले. आता राहिली फक्त शुक्रवारची गोष्ट.

गुरुवारी जेवणाच्या सुटीत आईचा फोन आला.

“काल तू नेमकं काय बोललीस गं?”

“का? काय झालं?”

“काकांनी सकाळी पत्रा खात्याच्या चाव्या बाबांच्या टेबलावर ठेवल्या. झाकणं ठोकणारी प्रेस बंद. माणसांना म्हणाले, घरी जा, मालक सांगतील. आणि स्वतः फाटकापाशी वॉचमनच्या बाकावर जाऊन बसलेत. जेवायला बोलावलं तर म्हणतात, मला परक्याच्या घरी जेवायची सवय नाही. मला म्हणाले असं. मला.” आईचा आवाज फाटला.

बारकीच्या हातातला घास हातातच राहिला. सल्ला म्हणजे नुसता सल्ला असतो. बाबा विचार करतील, काका कुरकुरतील, वर्ष निघून जाईल, असं तिने धरलं होतं.

फोन बाबांनी घेतला. “तो माझ्यावर आळ घेतोय. म्हणतो, तुम्ही बापलेकीने आतल्या आत ठरवलंत आणि मला चारचौघांत पडद्यावर ऐकवलंत. अगं, मी तरी कुठे आधी ऐकलं होतं?”

“मग तसं सांगा ना त्यांना.”

“घसा फोडून सांगितलं. तो म्हणतो, पोरगी ‘आम्ही’ म्हणाली. ‘आपण’ म्हणाली असती तर मी वाद घातला असता, आरडाओरडा केला असता. ‘आम्ही’ म्हणाली म्हणजे मी त्यात नाही. जिथे मी नाही तिथे मी कशाला बोलू?”

मग बाबा थकल्या आवाजात म्हणाले, “आणि हे बघ, आता तू लवकर निघ. दोन्ही खाती माझ्या एकट्याच्याने ओढवत नाहीत. केबिनचं काम झालंच आहे.”

तिने डब्याचं झाकण लावलं आणि गटाकडे गेली. घडलेलं सांगितलं. तिघांनाही वाईट वाटलं, पण नेमकं कशाचं हे त्यांना उमजेना.

“तुला काय म्हणायचं होतं?” डेंटिस्टने विचारलं.

“आपण.”

“आणि काय म्हणालीस?”

“आम्ही.”

शाळेच्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द आहे. ऐकणाऱ्याला पोटात घेणारं ‘आपण’ निराळं आणि त्याला दाराबाहेर ठेवणारं ‘आम्ही’ निराळं, ही भानगड त्या भाषेला ठाऊकच नाही. त्यामुळे डेंटिस्टला ऐकू आलं ते असं, की बारकीला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली. तिने सीएकडे बघितलं, सीएने फौजीकडे. फौजी म्हणाला, “मग चुकलं कुठे?” आणि बारकीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. दीड वर्ष ती याच भाषेत जेवली, भांडली, स्वप्नं बघितली. घरचे दोन शब्द कधी एकमेकांत मिसळले ते तिला कळलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बारकी जिन्याखालच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसली. तिन्ही देशांत घरी फोन करायला ती याच कोपऱ्यात बसायची. दुपारी बसवाल्या कंपनीची बाई फोन करणार होती. त्याआधी काकांशी बोलायलाच हवं होतं. सरळ खरं सांगून टाकावं, ‘आम्ही’ म्हणजे आमचा वर्गातला गट, बाबांचा त्यात काही संबंध नाही, असं तिने ठरवलं. खरं तेच होतं आणि ऐकायलाही सोपं होतं.

काकांनी फोन उचलला.

“काका, मी बोलतेय.”

“बोल.”

“परवा मी ‘आम्ही’ म्हणाले ना, ते आम्ही म्हणजे आमचा गट. शाळेतली मुलं. आम्ही चौघांनी तो सल्ला दिला. बाबांना काहीसुद्धा माहीत नव्हतं. उगाच त्यांच्यावर राग धरलात तुम्ही.”

पलीकडे फाटकावरचा आवाज आला. एखादी गाडी आत आली असावी.

“म्हणजे दादा नव्हता त्यात,” काका म्हणाले.

“नव्हते.”

“बरं झालं सांगितलंस. भावाला मी दोन दिवस चोर समजत होतो.” मग म्हणाले, “पण तू होतीस.”

“हो. म्हणजे गटातली म्हणून.”

“त्या पोरांचं आणि तुझं ‘आम्ही’. आणि आमचं?”

“काका, तसं नाही.”

“मी रागावून विचारत नाहीये गं. बाहेरची माणसं येतात, बघतात, सांगतात, हे बंद करा, ते काढून टाका. त्यांचं काम आहे ते. मला त्याचं काही वाटत नाही. एवढंच विचारतो, तू बाहेरची कधी झालीस? मला कोणी बोललं नाही, म्हणून विचारतो.”

खरं सांगायची हीच वेळ होती. झाले, काका. दुसऱ्या देशात असताना झाले, बसच्या थांब्यावर उभी असताना, आणि मला तिथे फार बरं वाटलं. शब्द अगदी ओठांवर होते. आणि काका ऐकायला तयार होते, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी ऐकलं असतं, ‘बरं’ म्हणाले असते, आणि त्या बाकावरून उठायचं कारण त्यांच्याकडे उरलं नसतं. तिला सगळं दिसलं. ‘आम्ही’ शाळेचं म्हटलं तर ती सुटणार आणि काकांचं कोणी राहणार नाही. ‘आपण’ म्हटलं तर काका आत येणार आणि त्याच दाराने तीही आत जाणार. तिसरा शब्द तिने शोधला. घरच्या भाषेत नव्हता, शाळेच्या भाषेत तर दुसराच नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “मी चुकीचं बोलले. मला ‘आपण’ म्हणायचं होतं.”

“आपण?”

“हो. आपण. तुम्ही, बाबा, मी. आपण बसून ठरवू या पत्रा खात्याचं काय करायचं ते. मी आल्यावर.”

“तू आल्यावर,” काका सावकाश म्हणाले. “येणार आहेस?”

“येणार म्हणजे काय. माझी केबिन आहे ना तिथे.”

काका एकदम मोकळं हसले. लहान मुलाला मारून मग जवळ घेतलं की ते हसतं तसे. “मला वाटलंच होतं. म्हटलं, पोरगी म्हणाली खरी, पण जीभ घसरली असेल. तिकडे राहून मराठी बिघडली असेल कार्टीची. आणि आता दादा म्हणेल, दोन दिवसांनी सुचलं होय.” त्यांचा आवाज चालायला लागला, धापा टाकत. ते बाकावरून उठले होते. “बंद करायचं असेल तर आपण बंद करू गं. वाद घालून करू. मी कुठे नाही म्हणतो? मला फक्त विचारायला पाहिजे.”

“हो काका.”

“थांब हं, ठेवू नको. वहिनी, ताट वाढा. आलो. आणि दादाकडून त्या चाव्या आणा. मिस्त्री कुठेत? अहो मिस्त्री, बोलवा पोरांना, काढा ते कुलूप.”

बारकी फोन कानाला धरून बसून राहिली. तिला फार बरं वाटत होतं, आणि फार वाईट वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायला छातीत जागा कमी पडत होती. वर जिन्यावरून मुलं हसत उतरत होती. पलीकडे शटर वर गेल्याचा आवाज आला, मग कोणीतरी कोणालातरी हाक मारली, आणि मग प्रेस सुरू झाली. पहिले ठोके सुटे सुटे, मग एकात एक. त्या आवाजात माणसाचा शब्द माणसाला ऐकू जात नाही, हे तिला चालायला लागायच्या आधीपासून माहीत होतं.

तेव्हा ती म्हणाली. “काका, मला यायचं नाहीये. मला तिकडे काम मिळालंय आणि मला ते करायचंय. मला यायचं नाहीये.”

“काय?” काका ओरडले. “मोठ्याने बोल, मशीन चालू झालंय. काय म्हणालीस?”

“काही नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “लवकर येते म्हटलं.”